स्टीप म्हणजे उभा उतार

कालव्याचं पाणी शेतात नेणाऱ्या नव्या पाटचारीची यादी लागली आणि चैनलालच्या धानाच्या बांधीपुढे ‘नामंजूर’ असा शेरा निघाला. कारण म्हणून एकच इंग्रजी शब्द. सालेकशाकडच्या त्या गावात चैनलालचा विश्वास फक्त आपल्या बैलावर होता, आणि बैल त्यानं मागच्या साली विकला होता.

बीए झालेल्या सुनेनं, ओमेश्वरीनं, शब्द वाचला.

“स्टीप म्हणजे उभा उतार, मामाजी. दरेकशाच्या डोंगराले म्हणतेत, छपराले म्हणतेत. बांधीले कोणी नाही म्हणत.”

चैनलालनं तिच्याकडेही तिरकं पाहिलं. तिचं माहेर धुऱ्याशेजारच्या शालीकरामच्या नात्यातलं, आणि शालीकरामची बांधी यादीत पहिली. तो शाळेतल्या मास्तरला विचारून आला. मास्तरनं तेच सांगितलं, वर जिन्याचं उदाहरण दिलं. मग तर त्याची खात्रीच पटली की सगळे मिळालेले आहेत.

बांधीत जाऊन त्यानं चारही कोपऱ्यांत काडी बुडवली. सगळीकडे पाणी सारखं, वीतभर. उतार दाखवायलाही सापडेना. हे शालीकरामचंच काम, असं बडबडत तो ओमेश्वरीला घेऊन कचेरीत गेला आणि ही माहिती कोणी दिली ते दाखवा म्हणून अडून बसला.

बाबूनं फाइल पुढे सरकवली. ओमेश्वरी वाचू लागली आणि तिचा आवाज बारीक झाला. चार वर्षांपूर्वीचं प्रतिज्ञापत्र होतं. बहीण रुक्मानं बांधीत हिस्सा मागितला, तेव्हा वकिलाकरवी लिहून दिलेलं: जमीन स्टीप आहे, पाणी थांबत नाही, धान होत नाही, वाटून कोणाच्याच हाती काही लागणार नाही. खाली चैनलालची सही.

लग्नाआधी दहा वर्षं रुक्मानं त्याच बांधीत धानाचा रोवणा केला होता. तिला काय ठाऊक नव्हतं? तरी ती एक शब्द न बोलता सासरी परत गेली होती. चैनलालला भर कचेरीत लाज वाटली.

बाबू म्हणाला, जमीन सपाट आहे असं लिहून द्या, नाव चढवतो. पण कागद याच फाइलीत लागेल, बहिणीच्या अर्जाखाली.

“लिहू का, मामाजी?”

कोणी ऐकतंय का म्हणून चैनलालनं सवयीनं मागे पाहिलं.

“लिव. अन् रुक्माचा हिस्सा बी लिव. तिले फोन लाव, मीच सांगतो.”

फोन लागला. त्यानं नुसतं “रुक्मा” म्हटलं.

पलीकडून तिनं विचारलं, “आता कोणता कागद लिवून राहिला, दादा?”