होनोका कुणाच्या घरी राहणार

सुकन्याच्या घराच्या दाराला आतून कडी नव्हती. ती बसवली होनोका येणार म्हणून. तिच्या बापानं, सुग्रीवनं, न्हाणीला पत्र्याचा आडोसा केला, आई छबुबाईनं भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या.

दिंद्रुडजवळच्या त्यांच्या शाळेचं जपानमधल्या एका शाळेशी नातं जुळलं होतं. दर शनिवारी दोन्हीकडची मुलं पडद्यावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायची. नववीतल्या सुकन्याची जोडी होनोका नावाच्या मुलीशी लागली. होनोकाचे वडील मासेमारी करायचे, सुकन्याचे आईबाप मेंढरं राखायचे. वास दोन्ही घरांना होता, यावरून दोघी पहिल्याच दिवशी हसल्या. आता तिकडची काही मुलं इकडं येणार होती, मे महिन्यात इकडची तिकडं; ज्याची जोडी त्याच्याच घरी पाहुण्यानं राहायचं, असं दोन्ही शाळांनी ठरवलं होतं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव जीप घेऊन दारात आले. यंदा त्यांना जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं.

"सुग्रीव, तुझी पाव्हणी माझ्या बंगल्यावर उतरंल," ते जीपमधूनच म्हणाले. "पेपरवाले येणारंत. जपानी पोरगी मेंढरांच्या वासात झोपलेली बरी दिसती का बे?"

सुग्रीवची मेंढरं त्या वेळी सुंदररावांच्याच रानात, वेचून झालेल्या कापसात चरत होती. तो खाली बघत म्हणाला, "तुमी म्हणाल तसं, आण्णा."

"न्हाई," छबुबाई दारातून म्हणाली. "पाव्हणी आमची हाय."

सुंदररावांनी तिच्याकडं बघितलंच नाही. ते सुकन्याला म्हणाले, "उद्या कार्यक्रमात तूच तिला सांग, माय आजारी हाय म्हणून. मे महिन्यात जपानला जाणाऱ्या पोरांत तुझं नाव हाय. ध्यानात ठिव."

जीप गेली तशी घरात भांडण लागलं.

"मी धडधाकट बाई, आजारी कावून पडू?" छबुबाई म्हणाली.

"रान बंद केलं तर मेंढरं कुठं घालू? तुझ्या पदरात?" सुग्रीव ओरडला.

सुकन्या दाराची नवी कडी लावत-काढत बसली. तिला जपानला जायचं होतं. दुसरं काही तिनं इतकं कधी मागितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर लेझीम झालं, पाहुण्यांना फेटे बांधले. होनोका पडद्यावर दिसायची त्यापेक्षा बुटकी होती आणि फेटा तिच्या भुवयांवर उतरला होता. शेजारी तिचे शिक्षक इशिदा सर उभे होते. सुंदररावांनी सुकन्याला पुढं बोलावलं, हातात माईक दिला आणि हळूच म्हणाले, "हं, सांग."

सुकन्यानं फाटकाकडं बघितलं. छबुबाई तिथं उभी होती. मेंढरं नवऱ्यावर सोडून, हिरवं लुगडं नेसून ती चालत आली होती.

सुकन्या इंग्रजीत बोलायला लागली. आवाज माईकमुळं मैदानाच्या टोकापर्यंत गेला. "होनोका, माझी आई आजारी आहे असं तुला सांगायला मला सांगितलंय. ती आजारी नाही. ती बघ, फाटकात उभी आहे. आमचं घर लहान आहे, मेंढरांचा वास येतो, म्हणून तू तिथं राहू नये असं यांना वाटतं. आम्हाला तसं वाटत नाही."

इशिदा सरांनी मुख्याध्यापिका प्रियदर्शनी मॅडमना विचारलं, हे खरं का? मॅडमनी सुंदररावांकडं बघितलं. घोटभर पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "मुलगी खरं बोलते आहे."

सर होनोकाशी जपानीत बराच वेळ बोलले. तिनं एका शब्दात उत्तर दिलं, बॅग उचलली आणि सरळ फाटकाकडं चालू लागली. समोर कॅमेरे होते, म्हणून सुंदरराव हसत राहिले.

घरी सगळं गोडच झालं असं नाही. घोंगड्यानं होनोकाला शिंका आल्या, ठेच्यानं डोळ्यांतून पाणी काढलं, कुत्रं भुंकलं की ती सुकन्याला घट्ट धरायची. पण निरोपाच्या दिवशी ती छबुबाईच्या गळ्यात पडली आणि दोघी आपापल्या भाषेत रडल्या.

पाहुणे गेले तसा सुंदररावांचा निरोप आला: रान मोकळं करा. सुग्रीव दिवसभर बायकोशी बोलला नाही. मग बिऱ्हाड घोड्यावर लादून तो मेंढरं घेऊन गेवराईकडं, गोदाकाठाला निघाला. निघताना लेकीला म्हणाला, "मला ते जमलं नसतं. तू केलं ते केलं. आता माघार घिऊ नगं."

महिनाभरानं जपानला जाणाऱ्या मुलांची नावं वाचली गेली. सुकन्याच्या जागी सुंदररावांचा पुतण्या हरिओम होता.

छबुबाई म्हणाली, "चल."

दुसऱ्या दिवसापासून शाळेआधी मायलेकी बंगल्यासमोर उभ्या राहू लागल्या. घोषणा नाहीत, काही नाही. निवडणूक तोंडावर होती, बंगल्यावर माणसांची ये-जा असायची. जो तो विचारायचा, आणि सुकन्या प्रत्येकाला सांगायची.

शेवटी सुंदरराव स्वतः बाहेर आले. ओसरीवर माणसं बसलेली होती.

"काय पायजे तुला?"

"माझं नाव कावून काढलं?"

"पुढल्या वर्षी घालतो. जा आता."

"पुढल्या वर्षाचं पुढल्या वर्षी, आण्णा. औंदा कावून काढलं ते सांगा. समद्यांम्होरं सांगा."

सुंदरराव पायऱ्या उतरले. ड्रायव्हरला हाक मारून जीपमध्ये बसले.

मे महिन्यात हरिओमच जपानला गेला. होनोकाचे आईवडील सुकन्याची वाट बघत होते. ती का आली नाही, असं त्यांनी तिथं जेवताना हरिओमला विचारलं. पोरगं खोटं बोललं नाही, म्हणे.

पण हे पुढचं. त्या सकाळी बंगल्यासमोरून जीप धुरळा उडवत गेली, तेव्हा छबुबाईनं तोंडावर पदर धरला. सुकन्यानं धरला नाही.

"उद्या बी यायचं?" तिनं विचारलं.

"तर काय," छबुबाई म्हणाली. "पळ आता, शाळा भरंल."