टेबलाखाली गेलेला कौल

चहाच्या डोंगरावरच्या दवाखान्यात मला नर्सची नोकरी लागली आणि आमच्या घरात सुतकी कळा आली. वर जाणारी बस केव्हाच बंद झालेली, म्हणजे मोटरसायकल घेणं आलं. गाडी चालवायची परीक्षा मी कशीबशी पास झाले होते, तीही सपाट मैदानात.

खाली चिआयी शहराच्या बाजारात जुन्या गाड्या विकणाऱ्या लाय काकांनी माझ्यासाठी दोन गाड्या बाजूला काढल्या होत्या. एक बिनगिअरची स्कूटर, हलकी, पाय आरामात टेकणारी. दुसरी गिअरची, जुनी आणि जडशीळ. लांब उतारावर स्कूटर नुसत्या ब्रेकवर आणली तर ब्रेक तापून धरेनासे होतात, गिअरची गाडी इंजिनच आवरून धरतं, असं काकांनी आईला दोनदा समजावलं. आईने मान डोलावली आणि हात स्कूटरवरच ठेवला. कारण दुसरी गाडी मी काकांच्या अंगणात उभ्या उभ्या स्वतःच्या पायावर पाडून घेतली होती. खरं सांगते, तिला हात लावायचीही मला भीती वाटायची. पण डोंगरावरचा तो उतार आठवला की त्याहून जास्त वाटायची, म्हणून मला तीच हवी होती.

शेवटी आई म्हणाली, माझूदेवीचा कौल घेऊ. तुझ्या त्या धुडाबद्दलच विचारते, म्हणाली.

देवळात तिने लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे हातात घेतले. एक उताणा आणि एक पालथा पडला की होकार, दोन्ही पालथे पडले की नकार, आणि होकार लागोपाठ तीनदा यावा लागतो. आईने माझं नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता पुटपुटत सांगितला. प्रश्न मात्र मनातच विचारला.

पहिला होकार आला, दुसराही आला. तिसऱ्या वेळी एक तुकडा पालथा पडला आणि दुसरा घरंगळत नैवेद्याच्या टेबलाखाली गेला. मी वाकून पाहिलं. तोही पालथाच होता. देवी माझ्या गाडीला नको म्हणत होती. मी तुकडा उचलला आणि म्हटलं, "उताणा होता."

आईने डोळे पुसले. बाहेर पायरीवर येताच म्हणाली, "चल, स्कूटर घेऊन टाकू. देवी तीनदा हो म्हणाली."

"तू गिअरच्या गाडीचं विचारणार होतीस ना?"

"विचारणार होते. पण तिचं नाव मनातसुद्धा घेववेना गं."

देवीने स्कूटरला नकार दिला होता आणि मी तो लपवला होता. मी सगळं सांगून टाकलं.

आईने विचारलं, "मग आत खोटं बोललीस, की आता बोलतेयस?"

टेबलाखालचं मी आणि देवी, दोघींनीच पाहिलेलं. आई पायरीवर बसली. ती मला मारेल याची भीती नव्हती. आत बोललेलं खरं धरून ती स्कूटरच घेईल, याची होती.

मग तिने विचारलं, "स्कूटरवर बसलीस की भीती वाटते?"

"नाही."

"आणि त्या धुडावर?"

"हात कापतात."

"मग तेच घे. जिची भीती वाटत नाही, तिच्यावरून तू उतारावर बिनघोर सुटशील." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "तू काकांकडे हो पुढे. मी देवीची माफी मागून येते."

ती दुकानात आली तेव्हा तिच्या हातात देवळातला लाल ताईत होता. तो तिने गाडीच्या आरशाला बांधला, आणि मला काही न विचारता मागे चढून बसली. तिने मला घट्ट मिठी मारली. माझ्या पोटावर तिचे हात माझ्यापेक्षा जास्त कापत होते.

"पोरी, सावकाश," ती म्हणाली.

गाडी मी अजून सुरूही केली नव्हती.