चालू ठेवलेली गाडी

ऑर्फाने पिठाच्या पिशवीची तिसरी पट्टी फाडली आणि नवऱ्याच्या मनगटाभोवती इतक्या जोरात आवळली, की अल्वा प्रूइटच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पट्टीखाली बग्गीच्या चाकाच्या आऱ्याचे दोन उभे चिरलेले तुकडे होते. घरात तेवढंच सरळ लाकूड सापडलं होतं.

“दुखतंय?”

“नाही.”

“डॉक्टरला बोलावते.”

“बोलाव. जेवणाच्या आत सगळ्या गावाला कळेल, की गाडी बनवणाऱ्याचा हात त्याच्याच गाडीने मोडला. मग बेमिसला स्टेशनावरूनच परत पाठव.”

ऑर्फा उठली आणि अल्वाच्या काकांचा जुना सैल कोट घेऊन आली. त्याच्या बाहीत पट्टी झाकली जात होती.

अंगणात गाडी धडधडत उभी होती. सकाळी साडेनऊला अल्वाने तिला हँडल मारलं, आणि हँडल फिरायच्या ऐवजी उलटं उसळलं. हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला. ठिणगीची दांडी मागे ओढायला आपण विसरलो, एवढंच त्याला वाटलं. सुकाणूशेजारची ती पितळी दांडी ठरवायची की ठिणगी लवकर पडावी की उशिरा. सुरू करताना ती तळाच्या खाचेत हवी, नाहीतर हँडल लाथ मारतं. हे तो गेली चार वर्षं कारखान्यातल्या प्रत्येकाला घोकून घोकून सांगत आला होता, आणि विसरला कोण, तर तो स्वतः. मग दांडी तळाला ओढून, दातओठ खात, त्याने डाव्या हाताने गाडी सुरू केली. ते त्याला दुसऱ्यांदा जमलं नसतं. म्हणून त्याने टाकी काठोकाठ भरली आणि ठरवलं, बेमिस जाईपर्यंत गाडी बंद करायची नाही.

कारखान्यातल्या अकरा जणांपैकी कोणीही हँडल मारलं असतं, पण बेमिसने पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: ‘हँडल मारायला ठेवणीतला पैलवान नको. मागे एकदा फसलोय. ज्याने बनवली त्याने सुरू करून दाखवावी.’ फोर्ट वेनचा हा व्यापारी वीस गाड्या घेणार होता, किंवा एकही घेणार नव्हता. आधीच्या तिघांनी नाही म्हटलं होतं. काकांच्या हाताखाली ज्या कारखान्यात बग्ग्या व्हायच्या, तिथला चाकं जोडायचा ओटा अल्वाने दोन वर्षांपूर्वी स्वतः उखडून काढला होता, त्यामुळे मागे फिरायलाही जागा नव्हती. बेमिस नाही म्हणाला, की सोमवारी दाराला कुलूप लागायचं. दोघे जण आत्ताच फर्निचरच्या कारखान्यात चौकशी करून आले होते, आणि अल्वाने ते कळूनही न कळल्यासारखं केलं होतं.

स्टेशनावर बेमिस उतरला तेव्हा अल्वा गाडीतच बसून होता, उजवा हात खिशात, डावा सुकाणूच्या दांड्यावर. बेमिस साठीचा, आडव्या बांध्याचा माणूस होता. त्याने गाडीला आधी एक फेरी मारली, चाकं हाताने चाचपली आणि मगच वर चढला.

“एका हाताने हाकता?”

“इतकी हलकी चालते, बेमिससाहेब.”

“आणि चालूच ठेवलीत?”

“बंद करायची गरजच पडत नाही तिला.”

आपण इतकं सराईत खोटं बोलू शकतो, हे अल्वाला त्या दिवशीच कळलं. गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्याने त्याने बेमिसला नदीपर्यंत नेऊन आणलं. प्रत्येक खड्ड्यात मनगटातून कळ खांद्यापर्यंत जायची आणि तो दात दाखवत हसायचा. अंगणात थांबल्यावर त्याने ठिणगीची दांडी तळाच्या खाचेत ओढली, पुन्हा एकदा चाचपून पाहिली आणि पाहुण्याला आत घेऊन आला.

ऑर्फाने कोंबडीचा दाट रस्सा आणि त्यात शिजवलेले पिठाचे गोळे केले होते. या जेवणाला सुरी लागत नाही, चमच्याने भागतं. तिने हे मुद्दाम केलंय हे अल्वाला पहिल्या घासाला समजलं.

बेमिसने खिशातला मोठा लाल रुमाल काढून गळ्यात खोचला आणि मनापासून जेवायला लागला.

“वीस वर्षं घोडे विकले मी, प्रूइटबाई. आता लोकांना घोडे नको झालेत. मला काय, चारा घालायचा त्रास वाचला.”

“सगळे घोडे चांगलेच असायचे तुमचे?” ऑर्फाने विचारलं. पाहुण्याची नजर अल्वाच्या डाव्या हातातल्या चमच्याकडे वळली होती, ती तिला दुसरीकडे न्यायची होती.

“छे हो. लाथाळ पण असायचे. लाथाळाच्या शेपटीला लाल फडकं बांधायचं, की माणूस आपोआप बाजूने जातो. तेही विकले जायचे, उशिरा का होईना. पण ज्याने लाथ लपवून माझ्या गळ्यात घोडा मारला, त्याच्या तबेल्यात मी पुन्हा पाऊल ठेवलं नाही.”

त्याने आणखी एक गोळा वाढून घेतला. अल्वाचं मात्र जेवणावरून लक्ष उडालं होतं. तो खिडकीबाहेरच्या धडधडीकडे कान लावून बसला होता. मघाशी ती संथ होती, तळाच्या खाचेत असते तशी. आता ती किंचित भरभर झाली होती. तो चमचा तसाच धरून राहिला. आणखी काही मिनिटांनी ती पुन्हा थोडी वाढली.

अंगणात तर कोणी नव्हतं. मग दांडी सरकवली कोणी?

त्याला उत्तर सुचलं, तेव्हा हातातला चमचा ताटलीवर वाजला. खाचा उथळ होत्या. गाडीच्या थरथरीने दांडी आपोआप एकेक खाच वर चढत होती. म्हणजे काल संध्याकाळी त्याने ती नक्की तळाला ओढली होती. गाडी बंद होईपर्यंत ती पुन्हा वर आली, आणि सकाळी त्याने न बघता हँडल मारलं. तो काहीच विसरला नव्हता. सकाळपासून तो स्वतःला मूर्ख म्हणत होता, तेच बरं होतं. गाडीच लाथाळ होती, आणि त्या खाचा त्यानेच आखल्या होत्या.

जेवण आटोपल्यावर बेमिस उठला.

“चला. आता बंद करा तिला.”

“बंद?”

“माझी गिऱ्हाइकं डॉक्टर आहेत, शेतकरी आहेत. गाडी ते स्वतः सुरू करणार. तेव्हा आधी मला जमते का बघू. तुम्ही नुसते उभे राहा.”

अल्वाने डाव्या हाताने इंजिन बंद करायची कळ फिरवली. धडधड थांबली आणि अंगणात एकदम शांतता पसरली. पलीकडे कारखान्याच्या लांब खिडकीत अकरा चेहरे होते. दांडी चार खाचा वर होती.

बेमिस पुढे गेला, तळहातावर थुंकला आणि त्याने हँडलला मूठ घातली. अंगठा त्याने बोटांच्या विरुद्ध बाजूने आवळला होता, तसा धरला की लाथ बसताना आधी अंगठा जातो.

ऑर्फा ओसरीच्या पायरीवर उभी होती. तिने अल्वाकडे पाहिलं, मग दांडीकडे. ती वर सरकलेली पाहून तिलाही कळलं होतं. काम एवढंसं होतं: दांडी खाली ओढायची आणि डाव्या हाताने धरून ठेवायची. बेमिसला पत्ताही लागला नसता. वीस गाड्या खपल्या असत्या, अकरा माणसं राहिली असती, खाचा पुढे कधीतरी खोल करता आल्या असत्या. अल्वाने हात पुढे केला. दांडी खाली आलीसुद्धा. त्याच्या डोळ्यांपुढे मात्र कुठल्याशा गावातला, नाव माहीत नसलेला एक डॉक्टर आला, सकाळच्या घाईत हँडल मारायला वाकलेला.

“थांबा, बेमिससाहेब.”

बेमिस वाकलेलाच राहिला. अल्वाने कोटाची बाही वर सारली.

“कधी?” बेमिसने विचारलं.

“आज सकाळी.”

“दांडी ओढायला विसरलात.”

ही पळवाट बेमिसने स्वतःच काढून दिली होती. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी गाडी सुटली असती, मूर्ख फक्त अल्वा ठरला असता.

“मलाही तसंच वाटलं होतं,” तो म्हणाला. “पण ती आपोआप वर सरकते. आत्ता जेवताना सरकली, चार खाचा. विसरलो असतो तर बरं झालं असतं.”

बेमिस सरळ झाला. त्याने त्या पट्टीकडे आणि लाकडाच्या तुकड्यांकडे पाहिलं. मग सवयीने त्याने निरोपाचा हात पुढे केला, अल्वाचा हात पाहून मागे घेतला, आणि ओसरीवरची टोपी उचलली.

“जेवण छान होतं, प्रूइटबाई.”

तो घराला वळसा घालून फाटकाकडे गेला. कारखान्याच्या खिडकीतले चेहरे एकेक करून मागे सरले.

अल्वा स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत कोसळला. आता काही करायचं उरलं नव्हतं आणि त्याला रडूही येत नव्हतं. ऑर्फा ताटल्या गोळा करत होती. मधेच तिचे हात थांबले.

“धरून ठेवली असतीस तर चाललं असतं.”

“हो.”

“अकरा घरं आहेत, अल्वा.”

“माहीत आहे मला. प्रत्येक घरी जाऊन मलाच सांगायचंय.”

तिने ताटल्या पुन्हा टेबलावर ठेवल्या आणि ॲप्रनने डोळे पुसले. फाटक वाजल्याचा आवाज अजून आला नव्हता, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग बाहेर हँडल फिरल्याचा आवाज झाला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिनाने श्वास घेतला आणि धडधड सुरू झाली, अगदी संथ, तळाच्या खाचेतली. अल्वा वाट पाहत राहिला. ती वाढली नाही. आणखी थोडा वेळ गेला, तरी वाढली नाही.

ऑर्फा खिडकीशी गेली.

“तोच आहे,” ती म्हणाली. “पुढे वाकून पाहतोय. आणि त्याने दांडी बांधून टाकलीये.”

“कशाने?”

“गळ्यातल्या लाल रुमालाने.”

अल्वाने मोडलेला हात उचलून सावकाश टेबलावर ठेवला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याने त्याकडे नीट पाहिलं.

“ऑर्फा,” तो म्हणाला, “फार दुखतोय गं.”