देवमाशाचे मागचे पाय

इतिवृत्त: "रविवारी सकाळी संस्थेच्या सभागृहात 'देवमासा जमिनीवरच्या प्राण्यापासून आला काय?' या विषयावर खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली."

खेळीमेळी नव्हती. चर्चाही नव्हती. ठाकुर्लीच्या आमच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या भिंतीवर, माझ्या नववीच्या वर्गाने पाच सांगाडे रंगवलेले. काश्मीरमध्ये सापडलेला मांजराएवढा खुरांचा प्राणी, मग पाकिस्तानातला, कच्छमधला, इजिप्तमधला आणि शेवटी निळा देवमासा. मागचे पाय लहान होत होत नाहीसे. ही भिंत ठेवायची की पुसायची, एवढंच शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सभासद हात वर करून ठरवणार होते. आता कार्यवाह सलिल इतिवृत्तावर माझी सही मागतोय. आधी दुरुस्त्या.

इतिवृत्त: "अध्यक्ष भाऊंनी उत्क्रांतीची शास्त्रीय मांडणी केली."

भाऊ रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून त्यांना सगळंच कळू लागलं. मांडणी अशी: मत्स्य, कूर्म, वराह. आधी पाण्यात, मग काठावर, मग जमिनीवर.

"दशावतार म्हणजेच उत्क्रांती. आम्ही उत्क्रांती मानतोच. पण ही क्षिप्रा म्हणते, जमिनीवर आलेलं जनावर पुन्हा पाण्यात गेलं. अगं, प्रमोशन मिळाल्यावर कोणी परत कारकून होतं का?"

हशा. पेन्शनीत निघालेल्या, बढतीवर देवापेक्षा जास्त श्रद्धा असलेल्या माणसांचा हशा.

"आणि दुसरा सांगाडा कुठला म्हणालीस? पाकिस्तानातला? मग झालंच!"

त्याहून मोठा हशा. पाच कोटी वर्षांपूर्वी पाकिस्तान नव्हता, हे सांगण्यात मी दोन मिनिटं घालवली. ती वाया गेली.

इतिवृत्त: "क्षिप्राताईंनी काही छायाचित्रे दाखवली. अन्य वस्तू नियमामुळे दाखवता आल्या नाहीत."

अन्य वस्तू म्हणजे बोकडाच्या घोट्याचं हाड. माझ्या शेजारच्या आवडाबाईंनी मटणातून बाजूला काढलं, उकळलं, गच्चीवर वाळवून मला दिलं. दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच. अशी दुहेरी कप्पी बोकड, गाय, हरिण, डुक्कर अशा खुरवाल्यांच्याच घोट्यात असते. आणि पाय असलेल्या जुन्या देवमाशांच्या. त्यांच्या घोट्याच्या फोटोशेजारी हे हाड ठेवलं की भाषणाची गरजच नाही.

सलिलने दारातच अडवलं. "मॅडम, हॉलमध्ये नॉनव्हेज अलाउड नाही."

"अरे, हे हाड आहे."

"तेच म्हणतोय मी."

"भाऊंच्याही घोट्यात हाड आहे. त्यांना कसं आत सोडलंस?"

माझ्यासोबत आलेल्या आवडाबाई सोडून कोणी हसलं नाही.

म्हणजे वाद हाडांवर, आणि हाड बाहेर, चपलांच्या रॅकवर.

इतिवृत्त: "शेवटी क्षिप्राताई समारोपाचे दोन शब्द बोलल्या."

दोन नव्हते. मी म्हणाले, "ज्यांनी जन्मात ताटात हाड पाहिलं नाही, त्यांनी सांगाड्यांवर निकाल द्यायचा? तुम्ही मेथी निवडा. तेवढीच तुमची झेप."

तिसऱ्या रांगेत मंदाकिनीबाई बसलेल्या. चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या. मघापासून घोट्याचा फोटो हातात घेऊन मान डोलावत होत्या, दोनदा चष्मा पुसून पाहिला होता. त्यांनी फोटो पालथा करून शेजारच्या खुर्चीवर ठेवला. मला ते दिसलं. तरी मी "सोलायला मटारही घ्या" म्हणाले.

इतिवृत्त: "भिंत पुसण्याच्या बाजूने चौतीस, विरोधात सहा."

हे बरोबर आहे. चौतिसांत मंदाकिनीबाई.

जिन्यात आवडाबाईंनी माझा दंड धरला. "तुजा खरा होता गो बाय. पन इतका तोडून कनाला बोललीस?"

"त्यांची लायकीच ती आहे."

"असंल. पन वर करायचं हात तं त्यांचंच व्हतं ना?"

लायकीबद्दलचं माझं मत आजही तेच आहे.

इतिवृत्त: "भिंतीचे काम सोमवारी जगन पेंटर करतील."

केलं. पुढचं इतिवृत्तात नाही.

जगनने डावीकडून सुरुवात केली. खुरं गेली. पाकिस्तान गेला, कच्छ गेलं, इजिप्तमधल्याचे करंगळीएवढे मागचे पाय गेले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चार सांगाडे पांढऱ्याखाली होते. उजव्या टोकाला निळा देवमासा तेवढा उरला, आईबापांशिवाय. जगन डबा खायला गेला आणि पाहणी करायला भाऊ आले.

"अगं, हा किती सुरेख काढलाय मुलांनी!" ते म्हणाले. "हा राहू दे. आम्ही काही विज्ञानाच्या विरोधात नाही."

वर फोटो काढायला मोबाइल बाहेर काढला.

मी बादलीतला ब्रश उचलला आणि डोक्यापासून सुरुवात केली. फासळ्यांपर्यंत आले तरी भाऊंचं "अगं, अगं, हा नाही, हा नाही" चालूच होतं.