व्हीआरएस म्हणजे नेमकं काय?

मित्रांनो, मी इंटरनेटवरचा एक जुना पत्ता आहे. व्ही, आर आणि एस ही माझी तीन अक्षरं. त्यांच्यामागे एक टिंब आणि एक छोटी शेपटी, जी माझ्यासारख्या लाखोंना असते. कोणी मला पत्ता म्हणतं, कोणी नाव म्हणतं. मी या दोन्हींपैकी काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही. मी राहतो कुठे, हेही मला सांगता येत नाही. पत्ता म्हणवतो आणि स्वतःचाच पत्ता ठाऊक नाही! पण माझं पान ज्याच्या फोनवर उघडं असतं, त्याच्या घरातलं बोलणं माझ्या कानावर पडतं. त्यावरून आणि त्या घरात निघालेल्या जुन्या आठवणींवरून जे समजलं ते सांगतो.

माझा जन्म भंडाऱ्यातल्या एका सायबर कॅफेत झाला. त्या वर्षी नव्या शेपटीची नावं सगळ्यांसाठी खुली झाली होती. जो आधी मागेल त्याला मिळणार होती. दोन-तीन अक्षरांची नावं तर उघडल्या उघडल्या संपत होती. जगात अक्षरं मोजकीच, त्यामुळे लहान नावंही मोजकीच. मोठमोठ्या शहरांतले लोक ती ओंजळी भरभरून उचलत होते. त्याच गर्दीत जवळच्या वरठी गावचा संघपाल हात घालून बसला होता.

संघपाल पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा. पाळी संपली की मोटारसायकल काढून तो भंडाऱ्याला कॉम्प्युटर शिकायला जायचा. घरात बायको वच्छला आणि चालायला शिकलेली मुलगी रीना. या तिघांच्या पहिल्या अक्षरांचं एक नाव त्याला हवं होतं. त्याने स्वतःचं अक्षर पुढे ठेवून पाहिलं. नाव गेलेलं होतं. रीनाचं पुढे ठेवलं. तेही गेलेलं. मग त्याने वच्छलाचं अक्षर पहिलं लिहिलं, मुलीचं मधे आणि स्वतःचं शेवटी. पडद्यावर हिरवी खूण आली. मी जन्मलो, आणि तो इतक्या जोरात ओरडला की कॅफेवाला धावत आला.

घरी गेल्यावर वच्छलाने पहिला प्रश्न विचारला, "तुमचं अक्षर सगळ्यात मागं काहून?"

"मागं राहून लोटाले बरं पडते," संघपाल म्हणाला.

मी खूश होतो. मला वाटलं, माझा अर्थ मला मिळाला. पण दुसऱ्याच दिवशी कारखान्यात हशा पिकला. "काय संघपाल, इतक्या लवकर व्हीआरएस घेतली?" सगळे विचारू लागले. तेव्हा मला कळलं, की व्हीआरएस म्हणजे मुदतीआधी स्वखुशीने नोकरी सोडणं. मी गोंधळलो. मी एक घर आहे की एक राजीनामा?

गोंधळ वाढतच गेला. माझ्या पानावर संघपालने एकच फोटो लावला होता. मोटारसायकलवर तो, मागे वच्छला आणि पुढे टाकीवर रीना. खाली लिहिलं होतं, "आमच्या घरी स्वागत आहे." तरीही कुठून कुठून लोक यायचे आणि विचारायचे, "निवृत्तीचे फायदे काय?" "अर्ज कुठे करायचा?" संघपाल प्रत्येकाला उत्तर द्यायचा, "माफ करा, हे माझं कुटुंब आहे. तुमचं काम चांगलं होवो." काही जण उलट विचारायचे, "कुटुंबासाठीही ही योजना लागू आहे का?"

वर्षं गेली. लहान नावं विरळ झाली तशी त्यांची मागणी वाढली. नागपूरच्या मनिषचा हाच धंदा होता. छोटी नावं शोधायची, मालकाला राजी करायचं आणि मोठ्या कंपनीला मिळवून द्यायची. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाला मी हवा होतो. मनिष दर दिवाळीला संघपालला मेल करायचा. संघपालचं उत्तर ठरलेलं असायचं, "नाव विकायचं नाही. दिवाळीच्या शुभेच्छा."

मग गेल्या साली संघपालला लकवा मारला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. रोज क्रेनवरून खालच्या माणसांना हाका मारणारा माणूस, त्याच्याकडे फक्त एकच शब्द उरला. 'हो.' भंडाऱ्याच्या थेरपिस्टबाईंनी घरच्यांना समजावलं, "यांना तुमचं बोलणं बरंच समजते. पण आतला शब्द तोंडापर्यंत येत नाही. जो येते तो हाच."

चहा पाहिजे का? हो. चहा नको का? हो. सुरुवातीला वच्छला रडायची. पुढे तिला त्याच्या डोळ्यांवरून थोडंफार कळू लागलं. रीना तोवर मोठी होऊन भंडाऱ्यात फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानात डिझाइनचं काम करत होती. माझी किल्ली, म्हणजे पासवर्डही, बाबांनी कधीचीच तिच्याकडे दिली होती. पण तिला माझ्यासाठी वेळ नव्हता. माझ्या पानावर तोच जुना फोटो होता. फक्त संघपालच्या फोनवर ते पान रोज उघडायचं. कोण उघडतं, हे कोणी विचारलं नाही.

एका दुपारी वच्छला अंगणात तांदूळ पाखडत होती. संघपालचा फोन वाजला. त्याने डाव्या हाताने तो उचलला. पलीकडे मनिष होता.

"काका, मी मनिष, नागपूरहून. या वेळी तरी नाव देता ना?"

"हो," संघपाल म्हणाला.

पलीकडे खुर्ची सरकली. मग मनिषचा आवाज उड्या मारू लागला. "खरंच? मागच्या मेलमध्ये रक्कम लिहिली होती, तेवढ्यात चालते?"

"हो."

"मग मी उद्याच कागद घेऊन वरठीले येतो!"

"हो."

मित्रांनो, त्या वेळी माझी काय अवस्था झाली असेल! धन्याने मला देऊन टाकलं की नाही? वर्षानुवर्षं ज्याने नाही म्हटलं, त्याने आज तीनदा हो म्हटलं. कदाचित त्याला खरंच नको झालो असेन. कदाचित नसेन. मला तोंड नाही आणि त्याच्याकडे शब्द नाही. कोण कोणाला विचारणार?

दुसऱ्या दिवशी मनिष आला. अंगणात गाडी लावून, हातात मिठाईचा डबा घेऊन तो आत आला.

"नमस्कार काकू. ते नावाचं ठरलं ना, त्याच्यासाठी आलो."

"कोनाचं नाव?" वच्छला दारातच थांबली.

"तुमचंच. म्हणजे काकांनी घेतलेलं. ते विकत घ्याले आलो."

"आमचं नाव विकत घेता? आन मंग आमी काय नाव लावाचं?"

मनिष समजावू लागला. इंटरनेट, पत्ता, तीन अक्षरं, मुंबईची कंपनी. वच्छलाच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या. तिने थेट रीनाला फोन लावला. "पोरी, लवकर ये. एक मानूस मिठाई घेऊन आला आन आपलं नाव मांगून राहिला. मले तं हा ओटीपीवाला वाटते."

रीना धापा टाकत आली. नाव ऐकताच तिने मनिषला ओळखलं, कारण बाबांचे मेल आता तीच पाहायची. "हा फसवणारा नाही, आई. पण दादा, बाबांनी तुम्हाला हो कधी म्हटलं?"

"काल फोनवर. तीनदा. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे, ताई. मी मुंबईले कळवूनही टाकलं." मनिषचा चेहरा उतरू लागला होता.

वच्छला हसावं की रडावं अशा आवाजात म्हणाली, "अरे बाप्पा, हो तं ते सगळ्याईलेच म्हनते. काल शेजारची बकरी वरडली, तिलेही हो म्हटलं."

मनिषचा विश्वास बसेना. तो खाटेजवळ गेला. "काका, नाव विकायचं ना?"

"हो."

"की नाही विकायचं?"

"हो." संघपालच्या कपाळाची शीर ताठ झाली. त्याने मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची, हे कोणालाच सांगता आलं नाही.

मनिष मटकन खुर्चीवर बसला. मग रीना हळूच म्हणाली, "आई, खरं सांगू? मले वाटते विकून टाकू. बाबांच्या उपचारालेच कामी येईल. हे पान पाहते तरी कोण आता?"

"तेच पाहाते. रोज उघडते," वच्छला म्हणाली.

"बाबा? स्वतः?"

"मंग कोन? मले तं तो फोन चालूही करता येत नाही."

रीनाला पटलं नाही. तिने फोन घेतला, माझं पान बंद केलं, वरची पत्ता लिहायची पाटी कोरी केली आणि फोन बाबांच्या मांडीवर ठेवला. संघपालने फोनकडे पाहिलं. त्याचा डावा अंगठा हळूहळू वर आला. व्ही. मग तो थांबला. घाम फुटला. आर. पुन्हा थांबला. एस. शेपटी फोनने आपोआप लावून दिली आणि मी उघडलो.

मोटारसायकलवरची तीन माणसं पडद्यावर आली. रीना तोंडावर हात ठेवून बाबांकडे पाहत राहिली.

मनिष पुढे वाकला होता. छोटं नाव लक्षात राहतं आणि कोणालाही पटकन लिहिता येतं, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला पाठ केल्यासारखं सांगायचा. त्या दुपारी तेच त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. माझं नाव चार-पाच अक्षरांनी लांब असतं, तर संघपालचा अंगठा माझ्यापर्यंत पोहोचलाच नसता. मी लहान का आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"दादा, थोडं थांबता?" असं म्हणून रीनाने लॅपटॉप उघडला. दुकानात ती फ्लेक्ससाठी करायची तसेच मोठमोठे चौकोन तिने बनवले. एकात पाण्याचा गिलास, एकात चहाचा कप, एकात दुखऱ्या डोक्याचं चित्र. खाली हिरव्या चौकोनात 'हो' आणि लाल चौकोनात 'नाही'. ते सगळं तिने माझ्या पानावर चढवलं. जुना फोटो तिने काढला नाही. तो फक्त वर सरकवला.

"बाबा, तोंडानं नका सांगू. बोटानं सांगा. तुमचं नाव रीना आहे का?"

"हो," तोंड म्हणालं. बोट हवेत फिरलं, हिरव्यावर जाता जाता थांबलं आणि लाल चौकोनावर पडलं.

"मी तुमची पोरगी आहे का?"

"हो." बोट हिरव्यावर.

"हे आपलं घर नागपुरात आहे का?"

"हो." बोट लालवर. तोंड एक सांगत होतं आणि बोट दुसरं. इतके महिने सगळ्यांनी तोंडाचंच ऐकलं होतं. वच्छला खाली बसली आणि तिने त्याचे पाय धरले.

शेवटचा प्रश्न विचारायला रीना कचरली. तो मनिषनेच विचारला. "काका, हे नाव मले विकायचं का?"

"हो," संघपाल मोठ्याने म्हणाला. आणि लाल चौकोनावर त्याने असं बोट दाबलं, की फोन मांडीवरून घसरता घसरता राहिला.

मनिषने कागदांची पिशवी बंद केली. तो उठू लागला तोच संघपालने चहाच्या कपावर बोट ठेवलं. वच्छला लगबगीने उठली. "थांबा, तुमच्यासाठी आनू का?" त्याने लाल चौकोन दाबला. मग पुन्हा चहा. आणि हनुवटीने मनिषकडे खूण केली.

"पाव्हन्याले!" वच्छला म्हणाली. "पाव्हन्याले चहा दे म्हनून राहिले!"

मनिष पुन्हा खाली बसला आणि त्याने चहा संपवला. अंगणात जाऊन त्याने मुंबईला फोन केला आणि सांगितलं, "मालक नाही म्हणतात. हो, स्वतः म्हणाले." पलीकडचा माणूस बराच ओरडत होता. मनिषने ते ऐकून घेतलं.

मित्रांनो, आता थेरपिस्टबाई माझं नाव इतर घरांनाही सांगतात. सानगडीचे एक दादाजी मला उघडतात, शहापूरच्या गिरजाबाई उघडतात. निवृत्तीचे नियम शोधणारे अजूनही येतात आणि चहाचा कप पाहून चक्रावतात. मी घर आहे, राजीनामा आहे की बोलायची पाटी, हे मलाही धड सांगता येत नाही. पण एक विनंती करतो. एखादं माणूस हो म्हणालं, म्हणून लगेच उठून जाऊ नका. जरा बसा. वेगळ्या रीतीने पुन्हा विचारा. ज्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, त्याच्याजवळ उत्तर नसतंच असं नाही.

काल गिरजाबाईंनी दुखऱ्या डोक्याच्या चित्रावर बोट ठेवलं. त्यांच्या सुनेने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि विचारलं, "कुठं दुखते, माय?" गिरजाबाई पानभर बोट फिरवत राहिल्या. त्यांचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सुनेने रीनाला फोन केला. आज सकाळपासून रीना माझ्यावर एका माणसाचं चित्र काढते आहे, डोक्यापासून पायापर्यंत.