भिंतीतली नळी

चऱ्होलीतल्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरनं बेडरूमच्या भिंतीतून एसीची तांब्याची नळी आधीच टाकून दिली होती. त्याच भिंतीला लागून गणराजचा पाळणा. दिवस भरायच्या महिनाभर आधीच जन्मलेला माझा मुलगा, आता पाच महिन्यांचा, आणि एप्रिलच्या उकाड्यानं त्याची मान घामोळ्यांनी लाल झालेली. खोली थंड ठेवा, डॉक्टर म्हणाले. पण बंद खोलीत एसीचा गॅस गळला तर? मोबाइलवर जेवढं वाचावं तेवढी माझी झोप उडायची.

एसी बसवायला आली ती दीक्षा. आकुर्डीची, आयटीआय केलेली, पंचविशीची असेल.

"नळी हायेच की भिंतीत. तासाचं काम," सासूबाई म्हणाल्या. त्या बीडहून आल्यात, बाळासाठी.

"आहे काकू, पण आत काय आहे ते मला दिसत नाही. आधी दाब देऊन बघते."

तिनं नळीचं बाहेरचं टोक बंद केलं, आतल्या टोकाला सिलिंडर जोडला. "हा नायट्रोजन, एसीचा गॅस नव्हे," मी विचारायच्या आत तिनं सांगितलं. घड्याळासारख्या मीटरवर सुई चारशेवर थांबली. तिनं काचेवर स्केचपेननं खूण केली. "ताई, मी ड्राय बाल्कनीत बाहेरच्या युनिटचं स्टँड ठोकते. तुम्ही ह्या सुईकडं लक्ष ठेवा."

"कुणाला सांगती गं माय! ही पोराचे श्वास मोजत बसती."

"मग बरोबर माणूस मिळालं," दीक्षा म्हणाली.

मी गणराजला मांडीवर घेऊन सुईसमोर बसले. पाऊण तासानं ती खुणेच्या किंचित खाली वाटली. वाटली की होती? सांगितलं तर हसतील. तरी हाक मारली.

सासूबाईंनी चष्मा लावला. "केसभर तर हाय! गार पडली आसंल नळी."

दीक्षानं भिंतीवर तळवा टेकवला. "गार कुठली काकू, दुपारचं ऊन आलंय, भिंत तापलीय. तापल्यावर सुई वर जायला हवी. ही खाली आली." तिनं दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावून पाहिला. एकही बुडबुडा नाही. "म्हणजे गळती आतच आहे. मध्ये कुठंतरी जोड दिलाय."

म्हणजे गणराजच्या पाळण्यामागेच.

"ही नळी सोडून द्यायची," ती म्हणाली. "बाहेरून नवी टाकते, अख्खी. मध्ये जोड नाही."

"आन् मग भिंतीवर नळी दिसंल की!"

"दिसू दे काकू. दिसली की तपासता येते."

मग मी तिचं काम बघतच राहिले. तांब्याचं वेटोळं तिनं फरशीवर हळूहळू सरळ केलं. कोपऱ्यावर नळीत स्प्रिंग घालून अंगठ्यांनी अशी वळवली, की कुठं चपटी झाली नाही. नळीवर नट आधी सरकवला, मग हत्यारानं तिचं तोंड कण्हेरीच्या फुलासारखं फाकवलं. खिडकीशी जाऊन ते उजेडात फिरवलं, कडेवरून नख नेलं आणि सरळ कापून टाकलं.

"आगं, चांगलं तर हुतं! मला काईच दिसंना."

"मलाही दिसत नाही काकू. पण नखाला लागतं."

दुसऱ्यांदा फाकवलेलं तोंड तिला पटलं. पुन्हा नायट्रोजन, पुन्हा खूण. सासूबाईंनी तिला बळंच जेवायला बसवलं, तर ही ताट घेऊन माझ्याच शेजारी, मीटरसमोर. आम्ही दोघींनी तासभर त्या सुईला नजरेनं धरून ठेवलं. ती खुणेवरून हलली नाही. मग पंप लावून नळीतली हवा आणि ओल तिनं अर्धा तास ओढून काढली, पंप बंद करूनही सुई परत चढत नाही ना, हे बघत थोडा वेळ थांबली.

शेवटी, गॅस ज्यात भरलेला असतो त्या बाहेरच्या युनिटला चावी लावून तिनं बाल्कनीतून विचारलं, "ताई, सोडू गॅस?"

तिला माझ्या परवानगीची काय गरज? तरी ती थांबली होती. मी मीटरकडं पाहिलं, साबणानं ओले जोड पाहिले, गणराजकडं पाहिलं.

"सोडा."

अर्ध्या तासानं, एसीनं खोली गार झाल्यावर, मी त्याला पाळण्यात ठेवलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेर आले. सासूबाई दीक्षाला विचारत होत्या, नळीला भिंतीचा रंग देता येईल का.