कुंडीतल्या लिंबाला तिघींचं खत

लिंबाला कळ्या आल्या त्या दिवशी मी घरभर नाचले! गॅलरीतल्या कुंडीतलं हे झाड आमच्या ह्यांनी बी लावून वाढवलेलं. हे कॅन्टीनमध्ये आचारी. मोठ्या तापातून उठले खरे, पण वास येणंच बंद झालं. आचाऱ्याला वास येत नाही म्हटल्यावर काय राहिलं? कामावर जायचं सोडलं आणि एकच धोशा लावला, "लिंबाच्या फुलाचा वास आला तर परत जाईन. नाही आला तर संपलं."

म्हणजे फूल फुलायलाच हवं ना! रोपवाटिकावाल्याने बजावलं होतं, कुंडीतल्या झाडाला खत थोडंच, तेही माती ओली करून. मी अगदी तसंच दिलं.

थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपल्या, मातीवर पांढरी खपली धरली. कळ्याही गळायला लागल्या. माझं डोकंच फिरलं.

"खरं सांगा, माझ्या मागे खत कुणी घातलं?"

लेक पुटपुटली, "एकच चमचा, आई. तू विसरली असशील म्हणून."

"आणि सासूबाई, तुम्ही?"

"मी बाई मूठभर घातलं. चमच्याने कुणाचं पोट भरतं का?"

"धन्य आहात! झाडाला वाढवताय की मारताय?"

तिघींनी कुंडी ओढत न्हाणीघरात नेली. खत धुऊन निघेपर्यंत बादलीमागून बादली ओतत राहिलो. बुडातल्या भोकातून आधी गढूळ, पिवळं पाणी आलं, मग कुठे नितळ यायला लागलं. हे दारात उभे. म्हणाले, "जाऊ दे गं, नशिबातच नसेल."

"नशीब राहू दे बाजूला, ती बादली द्या इकडे!" मी खेकसले.

त्यानंतर कुंडीजवळ कुणी कुणाला एकटं सोडलं नाही. उरलेल्या कळ्यांनी मात्र तग धरला. आणि एका सकाळी लेक ओरडली, "फुललं!"

हातातलं टाकून सगळे धावलो. पांढरंशुभ्र फूल! घमघमाट असा, की सासूबाईंनी डोळेच मिटले. ह्यांनी फुलाला नाक लावलं. पुन्हा लावलं. आम्ही श्वास रोखून बघतोय.

"नाही," हे म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

हे आत जायला वळले आणि उंबऱ्यातच थबकले. नाक वर करून हुंगलं. एकदा, दोनदा.

"अगं, दूध करपतंय!"

"अगं बाई, गॅसवर ठेवलं होतं की मी!" आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "अहो, पण तुम्हाला कसं कळलं?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. लेक किंचाळली, "बाबा!" आणि आम्ही तिघी त्यांच्या गळ्यात पडलो.

"अरे, सोडा मला! पातेलं जळतंय!" हे रडत रडत ओरडत होते.

"जळू दे मेलं!" सासूबाई म्हणाल्या.